बोनेअर : पाण्यात उतरणाऱ्यांचे बेट

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटर उत्तरेला असलेले बोनेअर हे कॅरिबियन बेट पांढऱ्या वाळूच्या लांबलचक किनाऱ्यांच्या ओढीने निवडले, तर निराशा पदरी पडण्याचा संभव आहे. डायव्हिंगसाठी, म्हणजे हवेचे सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली पोहण्यासाठी निवडले, तर मात्र त्याच्या तोडीचे दुसरे ठिकाण मला तरी ठाऊक नाही. सहलींच्या जाहिराती या दोन्ही गोष्टी एकाच चित्रात दाखवतात, म्हणून हे सुरुवातीलाच सांगणे आवश्यक वाटते.

येथे डायव्हिंगसाठी बोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहावे लागत नाही. पश्चिम किनाऱ्याला अगदी लागूनच प्रवाळखडक आहे, आणि पूर्वेकडून वाहणारा व्यापारी वारा या बाजूला जमिनीवरून समुद्राकडे जात असल्यामुळे येथील पाणी बहुतेक काळ शांत असते. भाड्याच्या पिकअपमध्ये सिलिंडर टाकायचे, रस्त्याच्या कडेच्या पिवळ्या दगडावर डायव्ह साइटचे नाव वाचायचे, गाडी थांबवून साहित्य अंगावर चढवायचे आणि चालत पाण्यात शिरायचे, असा येथला दिनक्रम असतो. सकाळी लवकर उतरावे की दुपारी, आवडलेल्या ठिकाणी पुन्हा जावे की पुढचे पाहावे, हे आपण आणि आपला जोडीदार मिळून ठरवतो. ज्यांना डायव्हिंगचा थोडाफार सराव आहे, त्यांना या मोकळेपणाचे मोल लगेच कळेल. अगदी नवशिक्यांनी मात्र प्रशिक्षक बरोबर घ्यावा, कारण खडबडीत किनाऱ्यावरून लाटा सांभाळत आत जाणे आणि बाहेर येणे हेच कित्येकदा सर्वांत अवघड काम असते. जाड तळाचे बूट नसतील, तर प्रवाळाच्या तुकड्यांनी तळपाय सोलवटून निघतात.

येथील समुद्र आजही पाहण्याजोगा राहिला आहे, यामागे दीर्घकाळची शिस्त आहे. 1979 मध्ये स्थापन झालेले सागरी उद्यान संपूर्ण बेटाभोवती, भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत पसरलेले आहे. उद्यानाची व्यवस्था पाहणाऱ्या स्टीनापा या संस्थेकडे निसर्ग शुल्क भरल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही, आणि प्रत्येक पाहुण्या डायव्हरला आधी नियमांची माहिती घेऊन, बुडण्यासाठी अंगावर घेतलेले शिशाचे वजन व तरंगण्यावरील ताबा तपासणारी पहिली डायव्ह करावी लागते. सुट्टीच्या पहिल्या सकाळी हा सोपस्कार काहींना कंटाळवाणा वाटतो, पण तो मनापासून करावा, असे माझे मत आहे. ज्याचे पाय खाली लोंबकळतात, त्याच्या फिनचा, म्हणजे पायातल्या रबरी वल्ह्याचा, एक फटका प्रवाळाची कित्येक वर्षांची वाढ मोडू शकतो. हातमोजे वापरण्यास मनाई आहे, बोटींना नांगर टाकता येत नाही, त्या ठरलेल्या तरंगत्या बोयांनाच बांधाव्या लागतात, आणि ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर 2021 पासून बंदी आहे. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहण्याचा अंगासरशी सदरा, घेतला, की सनस्क्रीनचा प्रश्नच फारसा उरत नाही.

काठापासून थोडे पोहत गेले, की उथळ सपाटी संपते आणि खडक एकदम उताराला लागतो. या उताराच्या वरच्या कडेवर, दहा मीटरांच्या आसपास, मी सर्वाधिक वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. पोपटमासे खडक कुरतडतात, त्याचा करकर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि जवळ थांबून पाहिले, तर थोड्या वेळाने त्याच माशाच्या मागून बारीक पांढऱ्या वाळूचा ढग सुटताना दिसतो. रात्रीच्या डायव्हमध्ये याहून वेगळा अनुभव येतो. माणसाएवढे लांब टार्पन मासे काळोखातून खांद्याला खेटून येतात आणि आपल्या टॉर्चच्या झोतात सापडलेले लहान मासे टिपतात. पहिल्या क्षणी छातीत धस्स होते. नंतर झोत एखाद्या निजलेल्या माशावर रोखून धरू नये, एवढे भान ठेवावेसे वाटते.

प्रसिद्ध ठिकाणांपैकी दोन खरोखर चुकवू नयेत. हिल्मा हूकर हे सुमारे 72 मीटर लांबीचे मालवाहू जहाज गांजाच्या साठ्यासह पकडले गेले होते आणि 1984 मध्ये येथे बुडाले. दोन प्रवाळरांगांच्या मधल्या वाळूत, सुमारे 30 मीटर खोलीवर, ते एका कुशीवर पडलेले आहे. या खोलीवर हवा झपाट्याने संपते, त्यामुळे आतल्या खोल्यांचा मोह टाळून बाहेरून पाहणेच बरे. दुसरे ठिकाण म्हणजे दक्षिणेकडील मिठागरांचा सॉल्ट पियर, म्हणजे मीठ जहाजात चढवण्याचा धक्का. जहाज लागलेले नसेल तेव्हाच तेथे उतरता येते. स्पंज आणि प्रवाळांनी मढलेल्या खांबांमधून तिरके ऊन खाली येते आणि माशांचे थवे त्या सावलीत दाटीने थांबलेले असतात.

निव्वळ समुद्रस्नानासाठी आलेल्यांना निर्मनुष्य क्लाइन बोनेअरवरील वाळूचा पट्टा आवडेल. बेटाची राजधानी क्रालेनडाइक येथून वॉटर टॅक्सीने तेथे जाता येते, मात्र सावली नाही, म्हणून पाणी आणि टोपी बरोबर हवी. पूर्वेकडील लॅक बे हे उथळ खाडीचे ठिकाण विंडसर्फिंगसाठी उत्तम आहे. एवढे सोडले, तर किनारा बहुतांशी खडकाळच आहे.

खर्चाच्या बाबतीत हे बेट स्वस्त नाही. ते नेदरलँड्सचा भाग असले, तरी येथे अमेरिकी डॉलर चालतो. निसर्ग शुल्काखेरीज बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांवर स्वतंत्र प्रवेश कर आहे, आणि बहुतेक अन्नधान्य आयात केलेले असल्यामुळे जेवणाचे बिल फुगते. नळाचे पाणी समुद्राच्या पाण्यापासून तयार केलेले आणि पिण्यायोग्य आहे, त्यामुळे बाटल्या विकत घेण्याची गरज नाही. किनाऱ्यावर उभ्या केलेल्या गाड्यांमधून चोऱ्या होतात. गाडीत मौल्यवान काहीही ठेवू नये, हा सल्ला सगळेच देतात आणि तो पाळावा.

माझी एकच तक्रार भाड्याच्या साहित्याबद्दल आहे. आम्ही ज्या केंद्रातून ते घेतले, तेथील बीसीडीचे, म्हणजे तरंगणे सांभाळणाऱ्या जाकिटाचे, हवा भरण्याचे बटण अडकत होते. बदलून दिले खरे, पण मागावे लागले. शिवाय 2023 मध्ये येथे दगडी प्रवाळांना ग्रासणारा ऊतीनाशक रोग आढळला आहे, आणि साहित्य जंतुनाशकात बुडवून स्वच्छ करण्याविषयी सूचना दिल्या जातात. तरीही त्या केंद्रातील टबाकडे लक्ष देणारे कोणी दिसले नाही. ज्या प्रवाळावर सगळा व्यवसाय उभा आहे, त्याच्या बाबतीत ही ढिलाई मला खटकली. आपले रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा तोंडाशी आणणारे साधन), बूट आणि रॅशगार्ड स्वतःच धुऊन घ्यावेत.

विमानाच्या आधी निदान 18 तास डायव्हिंग बंद ठेवावे लागते. तो दिवस उत्तरेकडील वॉशिंग्टन-स्लागबाई राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवावा. रस्ते कच्चे आहेत, पण निवडुंगांच्या रानातून खाऱ्या तळ्यांपर्यंत गेले, की फ्लेमिंगो दिसतात. निसर्ग शुल्क भरल्याची पावती बरोबर असू द्यावी, कारण ती प्रवेशद्वारावर पाहिली जाते.