कवितेसाठी हिशेबाची लाल चोपडी : तिसरी वही संपत आल्यावर लिहितोय

सांगलीत गणपती पेठेत हिशेबाच्या वह्या विकणारी जुनी दुकानं आहेत, त्यातल्या एका दुकानातनं मी आत्तापर्यंत तीन लाल चोपड्या आणल्यात आणि तिन्ही फक्त कवितेसाठी. कविता लिहिणारे मित्र विचारतात कुठल्या वहीत लिहितोस, मोबाईलवर का नाही लिहीत, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी सांगतो की मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. आता सगळं टॅलीवर आहे, पण मी कामाला लागलो तेव्हा रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, हातानं लिहायचो, त्यामुळं ही वही माझ्या हातातली आहे. लाल कापडाचा पुठ्ठा, जाड पांढऱ्या दोऱ्याची शिवण, आकार उभट, आणि पानांवर छापलेल्या रेघा नाहीत. रेघांच्या जागी घड्या असतात. पान तीनदा दुमडून उलगडलं की त्यावर आठ रकान्यांचे सळ पडतात, तेच जमा-नावेचे रकाने. रेघ डोळ्यांवर येते तशी घडी येत नाही, बोट फिरवलं तर कळते फक्त.

या आठ रकान्यांचा कवितेला जो उपयोग होतो तो मला दुसऱ्या वहीच्या मध्यात कळला. अष्टाक्षरी लिहिताना मी एका रकान्यात एक अक्षर टाकतो, ओळ बसली असेल तर आठवं अक्षर बरोबर शेवटच्या रकान्यात येतं, एखादं जास्त झालं की ते समासात जाऊन पडतं आणि लगेच दिसतं. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी मांडणी असते, तिथं पहिल्या तीन चरणांनंतर दोन-दोन रकाने आणि चौथ्यानंतर चार रकाने मोकळे राहतात, ते मोकळं पांढरं बघितलं की चौथा चरण एवढा आखूड का आहे ते समजतं, श्वास घ्यायला जागा सोडलीये तिथं. माधव जूलियनांचं छंदांवरचं छंदोरचना हे पुस्तक वाचून मला जे डोक्यात शिरलं नव्हतं ते या घड्यांमुळं शिरलं. पुस्तक मोठंच आहे, त्यात काही शंका नाही, पण मला हातानं केल्याशिवाय काही कळत नाही.

जात्यावरच्या ओवीला मात्र हे रकाने चालत नाहीत. माझ्या आजीच्या ओव्या मी लिहून घेतल्यात थोड्या, कागदावर मोजल्या की अक्षरं कमी-जास्त निघतात आणि ती म्हणायला लागली की सगळ्या एका मापात बसतात, कारण ती गळ्यानं मोजते, जिथं कमी पडतं तिथं स्वर लांबवते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतनं अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच आता ऐकायलाही मिळतात. माझ्या मते मराठी कविता वाचायला शिकायचं असेल तर सुरुवात तिथनं करावी, मग बहिणाबाई. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या तोंडच्या कविता त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी कागदावर उतरवल्या म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघालं, तेही त्या गेल्यावर. उतरवून घेणाऱ्या माणसाचं महत्त्व मला फार वाटतं. आजीसमोर ही चोपडी घेऊन बसलो की ती जरा सावरून बसते, कारण लाल वही म्हणजे पाडव्याला हळदकुंकू वाहायची वस्तू, तिच्यात काहीतरी कायमचं लिहितात हे तिला माहितीये. मोबाईल समोर धरला तर ती गप्प होते.

वाचायला मला काय आवडतं तर बोलल्यासारखी भाषा आणि आत पक्का छंद. मर्ढेकर म्हणूनच आवडतात, महायुद्धानंतरचं शहर, गिरण्या, गर्दी, यंत्रं, हे सगळं त्यांनी ओवी-अभंगाच्या साच्यात घातलं आणि साचा मोडला नाही. इंदिरा संत आवडतात कारण त्या मोठा शब्द वापरत नाहीत, घरातल्याच वस्तू आणि एवढंसं काहीतरी, आणि मग दिवसभर ते सोबत राहतं. ढसाळ मी बाविसाव्या वर्षी वाचले, एस्टीत, इस्लामपूरला उतरायचं होतं ते राहिलं आणि पुढच्या थांब्यावर उतरलो. तिथं छंद नाही पण तुकारामांची फटकार आहे, माझं हे मत पक्कं आहे. ग्रेस पूर्ण कळत नाहीत पण मोठ्यानं वाचतो, नाद ऐकायला. सुरेश भटांची गझल ऐकली की वाटतं किती सरळ आहे, म्हणून मी त्यांची गझलेची बाराखडी समोर ठेवून दोन वर्षं लिहून बघितलं, रदीफ (ओळीच्या शेवटी तसाच परत येणारा शब्द), काफिया (त्याच्या आधीचं यमक) जमतो पण अलामत, म्हणजे यमकातला न बदलणारा स्वर, सांभाळताना माझ्या हातातला विषय सुटतो, म्हणून गझल फक्त वाचायची असं ठरवलं. नाही आवडत ते म्हणजे पाऊस, चहा, ती आणि आठवण असं चार ओळीत येणारं लिखाण, कुठला पाऊस ते तरी सांगा, मिरगाचा का अवकाळी, आमच्याकडं त्यात फरक असतो, वाळत घातलेली हळद भिजते.

आता या वहीचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण. हिशेबाच्या वहीत पान फाडायचं नसतं आणि आकडा खोडून काळा करायचा नसतो, चुकला तर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बरोबरचा शेजारी लिहायचा. मला ही सवय कामावर लागली आणि कवितेतही तीच राहिली. एक दाखवतो, माझ्याच चार ओळी:

हळद शिजते रानी
धूर डोळ्यांत मावेना
आई काहिलीच्या काठी
तिचा पदर वाळेना

शेवटची ओळ पहिल्यांदा अशीच आली होती. मग मला वाटलं पदर हे फार साधं होतंय, म्हणून रेघ मारली आणि शेजारी ‘तिचा चेहरा दिसेना’ केलं. तीन आठवडे तसंच होतं, चार जणांना वाचून दाखवलं, सगळे छान म्हणाले. नंतर एका रात्री पान उघडलं तर रेघेखालनं पदर दिसत होता. धुरात चेहरा दिसत नाही हे कोणीही न बघता लिहू शकतं, पण काहिलीजवळ, म्हणजे हळद शिजवायच्या मोठ्या कढईजवळ, दिवसभर उभं राहिल्यावर वाफेनं आणि घामानं पदर ओलाच राहतो हे मी बघितलेलं होतं. परत पदर केला. मोबाईलवर लिहिलं असतं तर तो शब्द कधीच डिलीट होऊन गेला असता. म्हणून मोबाईल नाही.

मध्ये एकदा ऑनलाइन एक महागडी जर्नल मागवली होती, साडेसहाशेची, कंपनीचं नाव घेत नाही. कागद दिसायला गुळगुळीत पण शाई लगेच फुटायची, मागच्या पानावर उमटायची, आणि महिन्याभरात मधली पानं सुटली. चोपडीचा कागद किंचित पिवळट आणि कडक आहे, कॅमलची रॉयल ब्लू घालून फाउंटन पेननं लिहिलं तरी पसरत नाही, आणि मधोमध उघडली की सपाट पडून राहते, हातानं दाबून धरावी लागत नाही. मी शेवटची घेतली ती दोनशे पानी, 180 रुपयांना.

दोष पण आहेत. लाल रंग ओल्या हाताला लागतो, पांढऱ्या शर्टाला कायमचा लागतो. आकार मोठा, पिशवीशिवाय नेता येत नाही. आणि पाण्याचं सांगायलाच पाहिजे. 2019 च्या ऑगस्टच्या महापुरात आमचं घर दहा दिवस पाण्याखाली होतं, पहिली चोपडी खालच्या फळीवर राहिली. पाणी उतरल्यावर चिखलातनं काढली, नळाखाली धुतली, पानं एक-एक सुटी करून दोरीवर टाकली. शिवण एक टाकाही सुटली नव्हती, हे मी दुकानदारांना जाऊन मुद्दाम सांगितलं. पण पुठ्ठ्याचा लाल रंग सगळ्या कडांमधनं आत उतरलाय आणि शाईनं लिहिलेल्या जवळपास साठ कविता गेल्या, पान स्वच्छ, नुसत्या निळ्या ढगासारखं काहीतरी. साध्या बॉलपेननं घाईत लिहिलेलं मात्र सगळं राहिलं, पेन्सिलीचंही राहिलं.

तेव्हा मला तुकोबांचं फार आठवायचं. घराणं वाण्याचं, सावकारीचं, वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, आणि पुढं अभंगांच्या वह्याही त्याच पाण्यात. संताजी जगनाड्यांनी अभंग उतरवून घेतले होते, त्या वह्यांवरनं वि. ल. भाव्यांनी गाथा छापली. माझ्या साठातल्या एकोणीस मला परत मिळाल्या, कारण मी त्या मित्राला फोनवर वाचून दाखवायचो आणि तो माणूस ऐकता ऐकता लिहून घ्यायचा, मला न सांगता. त्याच्याकडं बारक्या चौकटीची शाळेची वही होती.

आता मी पहिला खर्डा बॉलपेननं करतो, पक्की झाली की शाईनं. वही वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत.

घ्यायची असेल तर दिवाळीच्या आधी पंधरा दिवस जा, तेव्हा सगळ्या मापाच्या असतात, नंतर निवड राहत नाही. नुसतं वही मागितली तर रेघांची देतील, सळाची चोपडी पाहिजे असं म्हणा. दुकानातले काका विचारतात, रोजकीर्द का खतावणी (खात्यावार हिशेबाची वही), मी पहिल्या वेळी सांगितलं की कवितेला पाहिजे, तर त्यांनी वरच्या कप्प्यातनं जरा जाड कागदाची काढून दिली आणि पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं ‘श्री’ काढला. पुढच्या दोन्ही वेळी मला काही सांगावं लागलं नाही.