एकच जनुक तपासायचं की एकदम सगळी?

बाळाला ऐकू येत नाही. बेरा (आवाजाला नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का, ती तपासणी) सपाट, ओएई (आतल्या कानातून परत येणारा बारीक आवाज) नाही, कानाला मशीन लागलं, आता डॉक्टरांनी जनुकांची टेस्ट सांगितलीय. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेच्या बाकावर बसलं की दर दुसऱ्या आईबापाच्या तोंडी हाच प्रश्न: फक्त जीजेबी२ (बहिरेपणाशी जोडलेलं एक जनुक) करायची की एक्झोम (जवळपास सगळी जनुकं एकदम)?

आमचं लग्न नात्यातलं. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हटलं, काय ते एकदाच होऊन जाऊ दे, आणि एक्झोम केली. सात आठवड्यांनी रिपोर्ट आला. उत्तर पहिल्याच पानावर: जीजेबी२च्या दोन्ही प्रतींत डब्ल्यू२४एक्स. भारतात या जनुकात जास्त करून हाच बदल सापडतो. कनेक्झिन २६ हे प्रथिन त्यामुळे चोविसाव्या जागीच तुटतं आणि कॉक्लियातल्या (आतल्या कानातल्या) पेशींमधली दारं बनत नाहीत. ऐकण्याची नस मात्र शाबूत, म्हणून कॉक्लियर इम्प्लांटचा (ऑपरेशनने कानात बसवायच्या यंत्राचा) सहसा चांगला उपयोग होतो. पुढच्या प्रत्येक खेपेला धोका चारात एक. विषय इथेच संपायला हवा होता.

पण पाचव्या पानावर एक ओळ होती: एमवायओ७ए, एका प्रतीत बदल, अर्थ अनिश्चित. या जनुकाने अशर सिंड्रोम होतो, बहिरेपणासोबत पुढे रातांधळेपणा. समुपदेशक मॅडमनी समजावलं, एका प्रतीने अशर होत नाही. शिवाय त्यातली मुलं उशिरा चालतात, तुमची तर अकराव्या महिन्यात चालली. आम्ही माना डोलावल्या. पुढचे तीन महिने बायको रोज रात्री दिवा घालवून गॅलरीत चेंडू सोडायची, पोर अडखळते का बघायला. चाळीच्या गॅलरीत चपलांवर मीही अडखळतो!

थेरपीत ओळख झालेल्या डोंबिवलीच्या जोडप्याने फक्त जीजेबी२ केली. एकच सदोष प्रत निघाली, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. पुन्हा रक्त, पुन्हा एक्झोम. असंही होतं, खोटं कशाला बोलू?

ओएई येते पण बेरा येत नाही (ओटोफर्लिन या दुसऱ्या जनुकाचा संशय), किंवा मूल उशिरा चाललं, तर सरळ एक्झोमच बरी. मूल मध्येच बेशुद्ध पडत असेल तर आधी ईसीजी, कारण काही बहिरेपणासोबत हृदयाच्या ठोक्यांचा दोषही असतो. आईकडच्या बऱ्याच जणांना जेंटामायसिनसारख्या इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल, तर मायटोकॉन्ड्रियाची (फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएची) टेस्ट वेगळी मागा. एक्झोममध्ये ती धरलेली असेलच असं नाही.

यातलं काहीच नसेल, तर मला आपलं वाटतं, आधी जीजेबी२. फक्त उरलेला डीएनए ठेवून घ्यायला सांगा. डोंबिवलीकरांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.