व्हिक्टोझा पेन: भरणी विभागातल्या माणसाच्या नजरेतून

इंजेक्शनांच्या भरणी विभागात सगळी नोकरी झाली, त्यामुळे डॉक्टरांनी व्हिक्टोझा हे मधुमेहाचं इंजेक्शन लिहून दिल्यावर मी डोसाच्या आधी घटकांची यादी वाचली. ३ मिलि द्रावणात १८ मिलिग्रॅम लिराग्लुटाइड, म्हणजे मूळ औषध. सोबत फॉस्फेट बफर, फिनॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल. सामू साधारण ८.१५.

यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलला माझे पूर्ण गुण! द्रावण समदाबी, म्हणजे शरीरातल्या द्रवांशी जुळणारं, ठेवायला मॅनिटॉलही चाललं असतं. पण ते बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या पेटंटात अडचण स्पष्ट लिहिली आहे: मॅनिटॉलचे थर भरणीयंत्रावर साचतात आणि पेनाच्या सुयाही तुंबतात. प्रयोगशाळेतल्या बीकरमध्ये हे कळत नाही. हजारो कार्ट्रिज (पेनातल्या औषधाच्या नळ्या) सलग भरताना नोझलच्या टोकाशी पांढरं दिसू लागलं की लाइन थांबते, आणि मग सुपरवायझरचा आवाज चढतो. शिवाय लिराग्लुटाइडसारखी पेप्टाइडं (प्रथिनांसारखे छोटे रेणू) ऑटोक्लेव्हची, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, उष्णता सोसत नाहीत. म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून निर्जंतुक खोलीतच भरणी. एवढं सगळं होऊन ते द्रावण पाण्यासारखं नितळ राहतं, याचं कौतुक बाहेरच्याला कळणार नाही.

पेन वापरायला सोपं. सुया मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात, हे खटकतं. न वापरलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. सुरू केल्यावर ३० अंशांखाली ३० दिवस चालतं. गोठलं तर टाकूनच द्यायचं, म्हणून फ्रीजरला चिकटवू नका. आमच्याकडे ते लोणच्याच्या बरणीशेजारी असतं, बायकोची नाराजी पत्करून. पाचपैकी चार तारे. आणि टोचून झाल्यावर सुई काढूनच पेन ठेवा, नाहीतर गळतं.