इतिहास मंडळाचं वार्षिक संमेलन : पास वसूल, खरं भाषणं आवरा

आमच्या कोल्हापुरातल्या एका इतिहास मंडळाचं वार्षिक संमेलन आणि वारसा जतन पुरस्कार, रविवारी जाऊन आलो. पास शंभर रुपये, जेवणासकट. मित्राकडं एक पास जादा होता म्हणून गेलो, नायतर रविवारी सकाळी सातला कोण उठतंय.

सातला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर वॉक होता, तो अजिबात चुकवू नका. पंचगंगेच्या काठावर जन्म गेला खरं मी तिकडं फक्त पुराचं पाणी बघायला जायचो. त्या टेकडीच्या पोटात सातवाहन काळातली वस्ती आहे, १९४५-४६ ला खोदाई झालेली, आणि पोसायडन म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची ती ब्राँझची छोटी मूर्ती इथलीच. रोमशी व्यापार चालायचा त्या काळातली. टाउन हॉल म्युझियममध्ये आहे ती, शाळेच्या सहलीत तिच्यासमोरनं सरळ पुढं गेलेलो आठवतंय.

हॉलमधला कार्यक्रम साडेनवाचा, सुरू झाला पावणेअकराला. मग पाहुणे, शाल, श्रीफळ, परत पाहुणे. एका पाहुण्यांनी पाऊण तास घेतला आणि त्यातला अर्धा वेळ स्वतःच्याच सत्काराबद्दल. माईक मधनंच शिट्टी मारायचा तेवढंच जरा बरं वाटायचं.

खरी मजा पुरस्कारात. एका गावातल्या पोरांना वीरगळ वाचवल्याबद्दल मिळाला. वीरगळ म्हणजे लढाईत नायतर गुरं सोडवताना मेलेल्याचा स्मारक दगड, खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि सगळ्यात वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असतील तोवर ह्याचं नाव राहणार. असा दगड पालथा पडलेला आणि बायका त्याच्यावर धुणं धुवायच्या. तो पोरगा म्हणाला, "आमच्या आज्जीनं चाळीस वर्षं ह्याच्यावर लुगडी आपटली, उलटा केल्यावर तीच पहिली पाया पडली." सगळा हॉल हसला आणि मग एकदम गप झाला. त्याला मिळाली तीन मिनिटं. मागनं चिठ्ठी आली, आवरा म्हणून. हे काय बरोबर नाय राव.

दुसरा पुरस्कार एका गवंडीमामांना, जुन्या वाड्यांना चुन्याचा गिलावा करतात. जुन्या भिंतीला सिमेंट फासलं की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत फुगून सुटते, चुना मात्र श्वास घेतो, हे त्यांनी दोन वाक्यात सांगितलं. चुन्यात गूळ, हिरडा घालतात म्हणे. ८ ऑगस्ट २०२४ ला आमचं जुनं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं, त्या रात्री रडलेली निम्मी मंडळी हॉलमध्ये असतील, त्यामुळं गवंडीमामांना अजून ऐकायला कुणाचीच ना नव्हती.

जेवण मसालेभात, वांग्याची भाजी, जिलेबी, मठ्ठा. भात गार झालेला, जिलेबी एक नंबर. पांढऱ्या-तांबड्याची आशा ठेवून जाऊ नका. पार्किंगचा आनंदच आहे, टू-व्हीलर न्या.

पाचपैकी चार. कापलेला एक त्या चिठ्ठीबद्दल.

दाराशी मोडीच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या लिपीच्या, वर्गाची नोंदणी चाललेली, नाव देऊन आलोय. आजोबांच्या ट्रंकेत कागदांचा गठ्ठा आहे, घरात कुणाला एक अक्षर वाचता येत नाही, आणि आईनं दिवाळीला तो रद्दीत काढायचं ठरवलेलं. ट्रंक आता माझ्या खाटेखाली.