सात महिने ॲक्सिलरेटर-फ्री ग्लोव्हज: हात बरे, डबा डोक्याला ताप

काल पुन्हा एक ओढला आणि तीन निघाले. तिसरा थेट फरशीवर. नऊ रुपये पाण्यात, म्हणून आज लिहायला बसलो.

नागपूरच्या धंतोलीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पावडरवाल्या लेटेक्सने हात खाजायचे तेव्हा सगळ्यांसारख्या मीही पावडरीलाच शिव्या घातल्या. अमेरिकेने २०१७ मध्ये पावडरवाले बंदच केले. मग निळे साधे नायट्राइल, म्हणजे कृत्रिम रबराचे, घेतले. दोन आठवडे मजेत गेले, आणि मनगटावर, नेमका कफ संपतो तिथे, लाल पट्टा उठला. पेरांना भेगा. स्पिरिट लागलं की ब्रह्मांड आठवायचं.

स्किनच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली. सोमवारी पाठीवर पट्ट्या, बुधवारी काढल्या, शुक्रवारी पुन्हा पाहिलं. तोवर पाठीला पाणी नाही, तेही नागपूरच्या ऑक्टोबर हीटमध्ये! थायुरॅम मिक्सच्या जागी पुरळ. रबर पक्कं करायला घालतात ते हे रसायन, म्हणजेच ॲक्सिलरेटर. त्याचे भाऊबंद कार्बामेट साध्या नायट्राइलमध्येही असतात. लेटेक्सच्या प्रोटीनची ॲलर्जी मिनिटांत उठते. माझी दुसऱ्या दिवशी उठायची, म्हणून इतके दिवस चोर सापडला नाही.

हे नवे, ॲक्सिलरेटर नसलेले ग्लोव्हज शंभरचा डबा नऊशेला. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवल्यावर लॅब अर्धे पैसे देते, बाकी माझे. तीन आठवड्यांत पट्टा गेला, हे कबूल. पण डब्याचं तोंड एवढं मोठं कापलंय की एकेक निघतच नाही. पडलेला उचलून घालता येत नाही. एका डब्यात तर सहा फाटके. डीलर म्हणतो, ‘उघडलेला डबा परत होत नाही भाऊ.’ न उघडता फाटका कळेल कसा बापा?

एप्रिलमध्ये खाज परत आली तेव्हा कंपनीला फसवी म्हणून मोकळा झालो होतो. ते मागे घेतो. सॅनिटायझर वाळायच्या आत ग्लोव्हज चढवत होतो, आत घामाची उकड, एसी फक्त मॅडमच्या केबिनमध्ये. आता हात कोरडे होऊ देतो, आत सुती हातमोजे घालतो. फॉर्मॅलिन (नमुने टिकवायचं द्रावण) उडालं तर मात्र लगेच बदलतो. पातळ नायट्राइलवर विसंबत नाही, आणि फॉर्मॅलिनची वेगळी ॲलर्जी लागली तर हिस्टोपॅथ, म्हणजे टिश्यू तपासायचं काम, सोडावं लागेल.

आज सकाळी डब्याच्या तोंडावर मायक्रोपोरच्या (ड्रेसिंगची कागदी चिकटपट्टी) दोन पट्ट्या आडव्या चिकटवल्या. दुपारपर्यंत चौदा काढले, चौदाच निघाले. मायक्रोपोर लॅबचं आहे.