बिनतळाचा तंबू, लाकडाची शेगडी आणि कोलोरॅडोतला एक हंगाम

एल्क नावाच्या मोठ्या हरणांच्या शिकारीसाठी आम्ही काय घेतलं ते आधी सांगते. मधल्या एकाच खांबावर उभा राहणारा टोकदार तंबू. कापड ३० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), सिलिकॉन चढवलेलं नायलॉन. खाली तळ नाही, आत जाळी नाही. दार उघडून पाय ठेवला की गवत, माती, नाहीतर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुया. उतरत्या बाजूला धुराड्यासाठी भोक आणि त्याभोवती न जळणारं फायबरग्लासचं कापड. कंपनी याला चार माणसांचा म्हणते. शेगडी मांडली की दोन माणसं, दोन सॅक आणि ओले बूट एवढ्यातच तो भरतो. खांब-खुंट्या धरून वजन दीड किलोच्या आसपास. टायटॅनियमची घडीची शेगडी आणि गुंडाळून ठेवायचं धुराडं यांचं आणखी किलोभर. ब्रँड लिहीत नाही. या घाटाचे तंबू कोलोरॅडो, मोंटाना, आयडाहोतल्या बऱ्याच लहान कंपन्या शिवतात आणि पुढचं जवळजवळ सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं.

जुलैत जागा हेरायला गेलो तेव्हा पहिल्यांदा लावला, नोव्हेंबरच्या बर्फानंतर वाळवून घडी घातला. कोलोरॅडोतल्या सॅन हुआन डोंगरांत, साधारण ३,००० ते ३,४०० मीटर उंचीवर. शिकार मी करते. नवरा सोबत येतो. स्वयंपाक आणि सरपण त्याच्याकडे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच मिटला, त्यामुळे साताऱ्याच्या घरी अजून कुणाला हे नीटसं पटलेलं नाही, आणि ते पटवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. इथे एल्क अडीच लाखांच्या वर आहेत. कुठल्या भागात, कुठल्या आठवड्यात, नर की मादी, किती मारायचे हे राज्याचं वन्यजीव खातं परवान्यांवर ठरवतं. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचा कोर्स केल्याशिवाय परवाना मिळत नाही. बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा भडक गुलाबी रंग लागतो, शिवाय त्याच रंगाची टोपी.

वजनाचा हिशेब इथूनच सुरू होतो. मारलेल्या जनावराचं मांस टाकून येणं इथे गुन्हा आहे: चारही फरे, पाठीच्या लांब पट्ट्या, कण्याखालचं कवळं मांस, हे सगळं बाहेर आणावंच लागतं. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ८० ते १०० किलो भरतं. विल्डरनेसमध्ये, म्हणजे कायद्याने राखून ठेवलेल्या रानात, गाडी चालत नाही, सायकलही नाही, तो कायदा १९६४चा. म्हणजे घोडा, नाहीतर स्वतःची पाठ. जाताना सॅक १८ किलोची की २० किलोची याने चालीत फारसा फरक पडत नाही. परतताना तिच्यावर तीसेक किलो मांस चढतं तेव्हा मात्र ते दोन किलो गुडघ्यांना बरोबर कळतात. आमचा आधीचा दोन कापडांचा, तळ असलेला दोघांचा तंबू वजनाला यापेक्षा जडच होता, आणि त्यात बसून बूटसुद्धा धड घालता येत नव्हते.

आता तळ नसण्याबद्दल. लोकांना पहिली भीती पावसाची असते. माझा अनुभव असा, की पाऊस वरून येतो तोवर काही त्रास नाही. पाणी जमिनीवरून वाहत आलं की खेळ संपला, आणि ते येणार की नाही हे तंबू लावण्याआधीच ठरलेलं असतं. जुन्या कॅम्पच्या जागा दिसायला सपाट, पण वर्षानुवर्षं माणसं झोपून त्या दबून मधोमध खोलगट झालेल्या असतात. तिथे पाणी साचतं. तळवाल्या तंबूत हे खपून जातं. यात नाही. किंचित उताराची, सुयांच्या जाड थराची जागा मिळाली तर पाणी खालच्या खाली मुरतं. भोवती चर खणण्याचा मोह टाळायचा. डोंगरावर त्या खुणा वर्षानुवर्षं राहतात.

दुसरी गोष्ट आतल्या पाण्याची, आणि ती पावसापेक्षा जास्त छळते. एकेरी कापड, आत दोन माणसांचा श्वास, बाहेर मोकळं थंड आकाश. रात्री कापडाची उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि ते हवेपेक्षाही गार होतं. माठातलं पाणी ओतलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं याला आतून सुटतं. ओढ्याकाठचं कुरण फोटोत सुंदर येतं, पण गार हवा रात्री उतरून तिथेच साठते. तिथे लावला तेव्हा पहाटे आतून दहिवर जमलं होतं आणि सूर्य आल्यावर ते स्लीपिंग बॅगवर टपटपलं. तोच तंबू वीसेक मीटर वर, जिवंत झाडांखालच्या टप्प्यावर लावला तर सकाळी कापड हाताला जेमतेम दमट लागायचं. झाडांच्या फांद्या आकाश झाकतात, तेवढ्यानेच बराच फरक पडतो. वरचं झरोकं कायम उघडं, आणि खालची कड जमिनीपासून चार बोटं वर. हो, वारा येतो. कानटोपी घालून झोपायचं.

झाडं जिवंत आहेत ना, ते मान वर करून बघायचं. सॅन हुआनमधले स्प्रूस खोडकिड्याने डोंगरच्या डोंगर मेलेत, आणि मेलेली झाडं वाऱ्यात विनासूचना पडतात. वाळलेल्या खोडांच्या टप्प्यात मी कितीही चांगली सपाट जागा सोडून देते. या सगळ्यामुळे संध्याकाळी अर्धा तास नुसता जागा शोधण्यात जातो. अंधार पडल्यावर पोचणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा.

शेगडीशिवाय हा तंबू मी ऑक्टोबरात नेणार नाही. उणे दहाच्या रात्री भिजून परत आल्यावर अंगठ्याएवढ्या जाडीची सुकी लाकडं पेटवली की दहा मिनिटांत आत नुसत्या शर्टावर बसता येतं. मोजे, हातमोजे, बुटांचे आतले तळवे दोरीवर वाळतात. पण शेगडी रात्रभर ऊब देईल ही समजूत काढून टाका. खोकं एवढंसं असतं, वीस मिनिटांनी परत लाकूड घाला, विझलं की अर्ध्या तासात आतबाहेर एकच गारठा. झोपायची ऊब बॅगेतून आणि मॅटमधूनच येते. तळ नसल्यामुळे मॅट चांगलीच हवी: आमच्या हवेच्या मॅटची आर-व्हॅल्यू (जमिनीचा गारठा अडवण्याचं माप) ४च्या वर आहे आणि ऑक्टोबरात खाली फोमची पातळ मॅटही असते. त्याखाली टायव्हेक या कागदासारख्या, पाणी न शिरणाऱ्या कापडाचा तुकडा, माणसापुरता कापलेला. तो गुळगुळीत असल्याने उतारावर रात्री आपण सरकतो. मॅटच्या खालच्या बाजूला सिलिकॉनचे ठिपके मारून ठेवले की थांबतं.

शेगडीबरोबर जबाबदारी येते. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा गजर मी खांबाला बांधते. त्याचे शे-दीडशे ग्रॅम कमी करायला मला कुणी सांगू नये. विझत आलेले निखारेच जास्त घातक, म्हणून ते पूर्ण विझल्याशिवाय झोपायचं नाही. धुराड्याचा पत्रा नवा असताना गोल व्हायला तयार नसतो आणि त्याच्या कडा हात कापतात. पहिल्यांदा जाड हातमोजे घालून अंगणात पेटवून घ्यावं, एकदा तापला की पत्रा आकार धरतो. राळेच्या लाकडाच्या ठिणग्यांनी कापडाला टाचणीएवढी भोकं पडतात. त्यावर साधी टेप चिकटत नाही, सिलिकॉनचाच ठिपका लागतो. कोरड्या वर्षी आगबंदी लागली की शेगडी घरीच.

नायलॉनची एक खोड आहे. ओलं झालं की ताणतं, आणि मध्यरात्री तंबू सैल पडून फडफडू लागतो. इथे मधला खांब कामाला येतो: आत पडल्या पडल्या तो बोटभर उंच केला की सगळ्या बाजू पुन्हा ताठ. पॉलिएस्टरचं कापड कमी ताणतं. डायनीमा या अतिशय मजबूत, हलक्या धाग्याचं जवळजवळ ताणतच नाही, पण त्याची किंमत बघून मी मुकाट पुढे गेले, शिवाय उष्णतेला ते नाजूक. बर्फ उभ्या बाजूंवरून आपोआप घसरतो, मात्र तळाशी साठून भिंती आत ढकलतो. रात्री एकदा उठून लाथेने सारावा लागतो. सोबत आलेल्या गोल सळईच्या खुंट्या खडकाळ मातीत वाकल्या. त्या काढून पन्हळी आकाराच्या घेतल्या, वजन थोडं वाढलं, तक्रार नाही.

बाकी सामानात कुठे कात्री लावली? दुसरी पँट गेली, कॅम्पच्या चपला गेल्या, मोठा सुरा जाऊन बदलत्या पात्यांचा छोटा आला. सॅकच्या वजनात मात्र काटकसर केली नाही. किलोभराची ट्रेकिंगची सॅक मांसाच्या ओझ्याखाली दुमडते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. आमच्या फ्रेमच्या सॅक अडीच किलोच्या आहेत आणि तशाच राहणार.

उंदरांचं विचाराल तर येतात. खाणं झाडाला टांगलेलं असतं, ते अस्वलांमुळे तसंही टांगावंच लागतं, तरी उंदीर बघून जातात. जुलैतले डास हे खरं दुखणं. रेकीच्या दिवसांत नवरा डोक्यावर जाळी घालून जेवत होता.

मायदेशी हाच तंबू सह्याद्रीत चालेल का, असं पुण्याच्या ट्रेकर मैत्रिणींनी विचारलं. पावसाळ्यात मी नाही वापरणार. कातळावर खुंटी जात नाही, मातीवर पाणी चादरीसारखं वाहतं, वर जळवा. विंचू आणि सापांचा विचार केला तर उन्हाळ्यातही आतली जाळीची खोली जोडूनच. डिसेंबर-जानेवारीत पठारावर हरकत नाही, पण तिथे शेगडीची गरज नसते, आणि शेगडी काढली की हा तंबू घेण्याचं निम्मं कारण जातं.

दोघांनी मिळून, झाडांच्या पट्ट्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात चार-पाच दिवस राहायचं असेल तर हाच घ्या. एकटे जाणार असाल, किंवा झाडांच्या वरच्या उघड्या कड्यांवर सप्टेंबरात धनुष्य घेऊन फिरणार असाल, तर तिथे सरपण नाही आणि आडोसा नाही. एका माणसाचा छोटा तंबू बरा. मी जुलैसाठी जाळीची अर्धी खोली मागवली आहे, नवऱ्याच्या बाजूची.