जॉन क्लीजची दहा मिनिटं बघाच : ब्रिटनमधल्या सेलिब्रिटीवाल्या प्रचार फिल्म्सचा रिव्ह्यू

आधी कशाचा रिव्ह्यू आहे ते सांगते. ब्रिटनमध्ये टीव्ही आणि रेडिओवर पैसे भरून राजकीय जाहिरात करायला कायद्यानेच बंदी आहे, त्याऐवजी पक्षांना ठरावीक वेळ फुकट मिळतो आणि त्यात ते स्वतः बनवलेली छोटी फिल्म दाखवतात, हल्ली ही २ मिनिटं ४० सेकंद, ३:४० किंवा ४:४० अशा मापाची असते. पार्टी इलेक्शन ब्रॉडकास्ट म्हणतात त्याला. टीव्हीवर हे १९५१ पासून चालू आहे आणि पक्षाला पाठिंबा देणारे कॉमेडियन, नट, गायक यात नाहीतर सभेच्या स्टेजवर हमखास दिसतात.

मी ह्याच्या नादाला लागले ते २०२४ मध्ये. आम्ही लंडनमधल्या हॅरोला राहतो, पासपोर्ट अजून भारतीयच, पण कॉमनवेल्थ देशाचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील तर त्यांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं हे बऱ्याच मराठी लोकांना माहीतच नसतं, मलाही ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं. ४ जुलैला पहिल्यांदा मत द्यायचं होतं, मग म्हटलं नीट समजून घेऊ आणि रोज रात्री जेवणं झाली की जुन्या-नव्या फिल्म्स ऑनलाइन शोधून बघायला लागले. सासरे सांगलीहून आलेले होते, ते पण शेजारी बसायचे.

सगळ्यात भारी जॉन क्लीज. माँटी पायथन ह्या कॉमेडी ग्रुपमधला तो उंच माणूस. १९८७ मध्ये एसडीपी (सोशल डेमोक्रॅटिक पार्टी) आणि लिबरल पक्षाची आघाडी होती, तिच्यासाठी त्याने साधारण दहा मिनिटांची फिल्म केलीय आणि विषय काय तर मतांच्या प्रमाणात जागा का मिळाव्यात! ऐकूनच झोप येईल असा विषय आहे हा, पण माणूस कॅमेऱ्यात बघून आपल्याशी बोलतो, मध्येच हसवतो आणि हसता हसता हिशोब डोक्यात बसतो. त्याच्या आधीच्या १९८३ च्या निवडणुकीत ह्या आघाडीला २५.४ टक्के मतं होती आणि जागा फक्त २३, आणि लेबर पक्षाला २७.६ टक्के मतांवर २०९ जागा. दोन टक्क्यांचा फरक आणि जागा नऊपट! हे आकडे मी नंतर शोधून काढले कारण फिल्म बघून गप्प बसवेना.

सासऱ्यांना इंग्लिश कळतं पण वेगात बोललेलं नाही, म्हणून मी मध्ये मध्ये थांबवून सांगत होते, तर ते म्हणाले, "अगं, हे तर आपल्याकडचंच. २०१४ ला बसपाला देशात चार टक्क्यांच्या वर मतं पडली आणि एकही जागा नाही." बरोबरच आहे, पद्धत आपण इंग्रजांकडूनच घेतली. आणि २०२४ चा निकाल लागला तेव्हा तर दोघांनाही क्लीज आठवला, रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्के आणि ७२. पक्ष आवडो न आवडो, १९८७ च्या फिल्मचा मुद्दा आजही जसाच्या तसा लागू पडतो, मला नाही वाटत दुसऱ्या कुठल्या प्रचार फिल्मबद्दल असं म्हणता येईल. पाचपैकी पाच स्टार.

आता ज्याने मला वाईट वाटलं ते. केनी एव्हरेट, त्या काळचा प्रचंड लोकप्रिय कॉमेडियन, जून १९८३ मध्ये वेम्बलीला कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांच्या सभेत स्टेजवर आला, हातात फोमचे मोठ्ठे पंजे, आणि रशियावर बॉम्ब टाकू या, मायकेल फूटची काठी लाथेने उडवू या असं ओरडला आणि सगळं सभागृह टाळ्या पिटतंय. फूट म्हणजे लेबरचे नेते, सत्तरीला आलेले, काठी टेकत चालायचे. त्यांच्या धोरणांची हवी तेवढी टर उडवा ना, काठी कशाला? सासऱ्यांनी तर बंदच करायला लावलं. त्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्हांच्या नेत्या थॅचरबाई ३९७ जागा घेऊन जिंकल्या, म्हणजे ह्याची गरजही नव्हती. एक स्टार, तोसुद्धा तो क्षण रेकॉर्ड होऊन आपल्याला बघायला मिळतो म्हणून.

रेड वेजबद्दल थोडं जास्त लिहिते कारण ते मला मनापासून आवडलं. १९८५ मध्ये बिली ब्रॅग, पॉल वेलर वगैरे गायकांनी लेबरसाठी तरुणांना जागं करायला हा ग्रुप काढला, १९८६ मध्ये गावोगाव गाण्यांचे कार्यक्रम केले, १९८७ च्या निवडणुकीआधी कॉमेडीचा दौरा काढला त्यात लेनी हेन्री, बेन एल्टन, रॉबी कोल्ट्रेन, हॅरी एनफिल्ड अशी माणसं. पण खरी गोष्ट वेगळीच, गाणी ऐकायला आलेल्या पोरांना भेटायला लेबरचे खासदार बाहेर लॉबीत उभे असायचे, या आणि विचारा. आपल्याकडे शाहीर पोवाडा म्हणून गर्दी जमवायचे आणि मग पुढारी बोलायचे, त्यातलाच प्रकार, फक्त इथे पुढाऱ्याला ऐकूनही घ्यावं लागायचं. १९८७ ला लेबर हरलीच, थॅचरबाईंना १०२ जागांचं बहुमत मिळालं, तरी मी चार स्टार देते.

बाकीचे पटकन. २००१ च्या लेबरच्या फिल्ममध्ये गायिका गेरी हॅलिवेल चहा देताना दिसते, बास, मुद्दा काही नाही. २०१५ ला नट मार्टिन फ्रीमन लेबरसाठी छान बोलतो, आवाज चांगला, पण आधीच लेबरवाला असलेल्यालाच ते पटेल. सिनेमातल्या ह्यू ग्रँटचं मात्र कौतुक वाटतं, २०१९ मध्ये तो स्टेजवर न जाता दारोदार फिरला, लंडनमध्ये फिंचलीत लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराबरोबर आणि चिंगफर्डला लेबरच्या, दोघीही हरल्या, पण थंडीत लोकांच्या दारात उभं राहून "नाही" ऐकून घेणं हे कॅमेऱ्यासमोर तीन मिनिटं बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

बघायचं असेल तर क्लीजपासूनच सुरू करा, नाव आणि १९८७ टाकलं की सापडते, कॉपी जुनी आहे म्हणून हेडफोन लावा. आणि तुम्ही इथे राहत असाल, पासपोर्ट भारतीय असला तरी, मतदार नोंदणी मतदानाच्या १२ वर्किंग डेज आधी बंद होते, ऑनलाइन पाच-दहा मिनिटांत होते, आमच्या बिल्डिंगमधल्या एका मराठी कुटुंबाची तारीख हुकली आणि ४ जुलैला ते बिचारे घरी बसले.